न्या फिदेलिनाची उखळी आणि सतरा थर्मास

मी एक उखळी. लापाचोच्या लाकडाची, गुडघाभर उंच, मध्ये जराशी बारीक. काठाला दोन टवके उडालेत आणि एका अंगाला भाजल्याचा काळा डाग आहे. मला बोलायची सवय नाही. माझा सगळा जन्म ऐकण्यात आणि हुंगण्यात गेला. पण आता माझ्यात कोणी काही कुटत नाही, वेळ भरपूर आहे, तेव्हा सांगते.

आमचं गाव सान अंब्रोसियो. पारग्वेच्या लाल मातीतलं. तिथे लिबोरियो नावाचा गाड्या बनवणारा सुतार होता. त्याच्या परसातला लापाचो एका वादळात आडवा झाला, आणि त्याच महिन्यात त्याच्या मुलीचं, फिदेलिनाचं, लग्न ठरलं. पाहुण्यांनी कोणी पलंग दिला, कोणी शिवणयंत्र. लिबोरियोनं ओंडका कापून उभा केला, वरच्या तोंडावर निखारे ठेवले आणि नळीनं फुंकत बसला. लाकूड जळायचं तेवढं जळलं की कोळसा खरवडून काढायचा, पुन्हा निखारे, पुन्हा फुंकर. असं बरेच दिवस चाललं. शेवटी शेवटी एक निखारा घसरून बाहेरच्या अंगावर पडला.

त्याची बायको सातुर्निना म्हणाली, "पोरीला लग्नात डाग पडलेली वस्तू देणार?"

"डाग बाहेरून आहे," लिबोरियो म्हणाला. "हात घालून आतून बघ."

तिनं हात घातला. बराच वेळ आत फिरवला. मग डागाकडे पुन्हा बघितलंही नाही. तोच माझा पहिला सन्मान.

सुरुवातीची वर्षं मी घरातली उखळी होते. भुईमूग कुटायचा, मका भरडायचा. पाल्याशी माझी ओळख करून दिली ती सातुर्निनानं. तिला अक्षरओळख नव्हती. पण डोळे मिटून तिच्या हातावर पान ठेवलं की ती नाव सांगायची, आणि ते ओढ्याकाठचं की माळावरचं तेही. लेकीला शिकवताना ती फार बोलत नसे.

"आधी नाक," ती म्हणायची. "मग जिभेचं टोक. मग थांब."

"किती थांबू?"

"घाई सरेपर्यंत."

फिदेलिनाच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी पाऊस रुसला. मक्याची ताटं उभ्या उभ्या वाळली, जमिनीतले मांदिओकाचे कंद बोटाएवढे राहिले. तेव्हा सातुर्निनानं लेकीला पहाटे उठवून रानात न्यायला सुरुवात केली. घोळ आणली, रानमाठ आणला, ओढ्यापाशी केना मिळाला. लोक ज्याला गवत म्हणून तुडवत जात होते, त्याचं त्या दोघींनी जेवण केलं. घोळ चिरून कांदा-लिंबाबरोबर कच्ची खायची, माठ चिमूटभर भुईमुगाच्या कुटाबरोबर शिजवायचा. शेजारच्या बायका आधी नाकं मुरडत होत्या. महिनाभरात त्याच बायका टोपल्या घेऊन मागोमाग चालू लागल्या. सातुर्निनानं एकीलाही परत पाठवलं नाही. फक्त एक ताकीद दिली, "मुळासकट उपटाल तर पुढच्या वेळी मला विचारू नका."

फिदेलिनाचा नवरा बासिलियो लाकडाच्या वखारीत कामाला होता. वखार बंद पडली, तो बांधकामावर मजुरी करायला ब्यूनोस आयर्सला गेला. पहिली दोन वर्षं पत्रं यायची. मग विरळ झाली. मग थांबली. फिदेलिना काही दिवस दारात उभी राहायची. एके सकाळी तिनं दार ओढून घेतलं, मला कडेवर उचललं आणि बस स्थानकाच्या कोपऱ्यावर, आंब्याच्या झाडाखाली नेऊन ठेवलं. तिथे मी तीस वर्षं उभी होते.

आमच्या गावात सकाळ होते ती थर्मासच्या बुडबुड आवाजानं. येर्बाच्या वाळलेल्या पानांची भुकटी शिंगाच्या पेल्यात भरायची, वरून बर्फाचं पाणी घालायचं, आणि धातूच्या नळीनं ओढायचं. त्याला तेरेरे म्हणतात. पण नुसतं पाणी कोण पितं? पाण्यात ताजा ठेचलेला पाला हवा. म्हणून कामाला निघालेली माणसं आपापला थर्मास घेऊन फिदेलिनासमोर थांबत. ती नुसतं तोंडाकडे बघायची.

"झोपला नाहीस."

"नाही हो मावशी."

"गवती चहा आणि थोडा पुदिना. आणि रात्री बायकोशी भांडू नकोस, त्याला पाला नाही माझ्याकडे."

ठक, ठक, ठक. चार-पाच घाव. जास्त नाही. पाल्याचा लगदा करायचा नसतो, त्याला जागं करायचं असतं. मग हिरवा चोथा थर्मासमध्ये, वर पाणी, आणि पुढचा माणूस.

माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नसत. दुखणी राहत. बस चालवणारा नेमेसियो म्हणजे मुतखडा, त्याला भुईआवळी. समोरच्या दुकानातला पोर्फिरियो न्हावी म्हणजे पोट. सुईणीची बहीण म्हणजे पाय सुजणं. फिदेलिनाला मी मनापासून मानते ती या दुखण्यांच्या ओळखीसाठी नव्हे. तिला आपली वेस ठाऊक होती, म्हणून. एकदा एक धिप्पाड गडी डावा हात चोळत आला आणि म्हणाला, "छातीत जरा भरून आल्यासारखं वाटतंय, काहीतरी कडक द्या." फिदेलिनानं मुसळ खाली ठेवलं.

"मग इथे काय उभा राहिलास? दवाखान्यात जा!"

"आधी तुमचं पाणी पिऊन बघतो की."

"माझं पाणी पिऊन मेलास तर तुझी आई मला विचारेल. ए, कोणीतरी याला गाडीत घाला रे!"

घातला. वाचला. पुढे तो दर वर्षी तिच्यासाठी टरबूज आणायचा आणि ती दर वर्षी त्याला विचारायची, "तू कोण?"

रस्त्याच्या पलीकडे आमची स्पर्धक बसायची, न्या ब्लासिया. आमच्याकडे मोठ्या बायकांच्या नावाआधी मानानं 'न्या' लावतात. पण या दोघी एकमेकींना तो मान कधी देत नसत. ब्लासियाची जीभ चाकूसारखी. गिऱ्हाईक आमच्याकडे वळलं की ती पलीकडून ओरडायची, "जा बाबा जा, तिच्याकडे कालचा पाला स्वस्त असतो!" फिदेलिना मान वर न करता म्हणायची, "हिच्याकडे आजचा असतो, पण परवाच्या पाण्यात भिजवलेला." वीस वर्षं हे चाललं. मला वाटतं, एक दिवस एखादी आली नाही तर दुसरीला सकाळ झाल्यासारखी वाटत नसावी.

पण रान लांब चाललं होतं. आधी ओढ्याच्या अलीकडची झाडी गेली, मग पलीकडची. तिथे सोयाबीन आलं, डोळा पोचेल तिथवर एकसारखं हिरवं. त्यात दुसरं एक पान दिसायचं नाही. फिदेलिना पूर्वी अर्ध्या तासात टोपली भरून यायची. आता पहाटे चारला निघून सातला परतायची. तरी दुसऱ्यानं तोडलेला पाला तिनं कधी घेतला नाही.

तो एकदाच घेतला.

सप्टेंबर होता. उत्तरेचा गरम वारा सुटला होता, आणि फिदेलिना चार दिवस तापानं आणि सर्दीनं पडून होती. पाचव्या दिवशी उठली ती हट्टानं. रानात जाण्यासारखी स्थिती नव्हती. तिचा दीर एलादियो हातगाडीवर सामान वाहायचा. तो म्हणाला, "वहिनी, मी आणतो की पाला. लहानपणापासून बघतोय तुमचं."

"ओढ्याच्या वरच्या अंगाचा आण. खालचा नको."

"हो हो, वरचाच."

सहा वाजता त्यानं पोतं आणून ओतलं. पुदिना, केना, भुईआवळी, गवती चहा. पानं ओली होती. फिदेलिनानं जुडी उचलून सवयीनं नाकाशी नेली, आणि हसली.

"आज नाक सुट्टीवर आहे."

पहिलं गिऱ्हाईक उभं होतं. तिनं मूठभर पाला माझ्यात टाकला आणि मुसळ उचललं.

मला पहिल्याच घावाला कळलं. पुदिन्याच्या वासाखाली दुसरा एक वास होता. रॉकेलसारखा, आणि त्यात कुजकट गोडवा. तो माझ्या लाकडात शिरला आणि चरचरला. तीस वर्षांत माझ्यात असलं काही पडलं नव्हतं. मुसळ वर जात होतं, खाली येत होतं, आणि मला ओरडता येत नव्हतं. तोंड एवढं मोठं, पण आवाज फक्त दुसऱ्यानं मारला तर निघणारा. त्या सकाळी मी स्वतःच्याच आवाजाला घाबरले.

एकामागून एक थर्मास आले. सतरा.

साडेनऊच्या सुमारास पलीकडून ब्लासिया आली. तिचा केना संपला होता आणि मागायला यायचं तिच्या जिवावर आलं होतं, म्हणून ती टोमणा मारतच आली. "काय गं, मेली नाहीस का अजून? मूठभर केना दे, उद्या परत करते."

"घे. आणि मोजून परत कर."

ब्लासियानं जुडी घेतली. तिचीही सवय तीच, नाकाशी नेली. मग थांबली. एक पान वेगळं काढून उजेडाकडे धरलं. त्याच्या कडा पिवळ्या पडून आत वळायला लागल्या होत्या.

"फिदे," ती म्हणाली. वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं असं हाक मारल्यासारखं नाव घेतलं. "हे तू हुंगलंस?"

"नाक बंद आहे. का?"

"कुठला आहे हा पाला?"

एलादियो झाडाखाली बसून चिपाची, म्हणजे मांदिओकाच्या पिठाच्या खाऱ्या पावाची, कडी दुधात बुडवून खात होता. दोघींनी एकदम त्याच्याकडे बघितलं. त्याचा हात तोंडापाशीच राहिला.

"ओढ्याचाच आहे," तो म्हणाला.

"भाऊजी."

"ओढ्याच्या... वाटेवरचा. सोयाच्या बांधावरचा. वरपर्यंत कोण जाणार, वहिनी? चांगला हिरवागार होता."

"काल तिथे फवारणीचं यंत्र फिरत होतं का?"

त्यानं कडी खाली ठेवली. मग म्हणाला, "शेतात फिरत होतं. बांधावर नव्हतं."

फिदेलिना माझ्या काठाला धरून खाली बसली. तिचे हात इतके गार होते की मला लाकडातून जाणवलं. एलादियो पुढे सरकला आणि हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, ऐका. कोणाला काय कळणार आहे? थेंबभर असेल नसेल. एखाद्याचं पोट बिघडलं तर चिपा शिळी होती म्हणतील. तुम्ही उगाच बोंब मारलीत तर उद्या इथे कुत्रंसुद्धा उभं राहणार नाही."

खोटं नव्हतं ते. मलाही ठाऊक होतं, आणि तिलाही. तिनं एकदा रस्त्याकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि बोटांवर मोजायला लागली.

"पोट. मुतखडा. सुजलेले पाय. झोप नाही. पित्त, पित्त, ते दोघे भाऊ..." आणि एकदम तिचे डोळे उघडले. "उलट्या. शाळेतली नोएलियाबाई. पाचवा महिना लागलाय तिला."

ब्लासियाकडे टोमणा मारायची आयुष्यातली सर्वांत मोठी संधी होती. तिनं पदर झटकावा तसा आपला ॲप्रन झटकला आणि म्हणाली, "बाजारातले कोण कोण ते सांग. तेवढे मी बघते."

"सतरा थर्मास आहेत, ब्लासिया. एकेका थर्मासभोवती चार-पाच जण बसतात. एकच नळी फिरते."

"म्हणून तर म्हणते, सांग लवकर!"

फिदेलिना उठली. "भाऊजी, हातगाडी आणा. हिला वर ठेवा."

"उखळी? ती कशाला?"

"नुसत्या शब्दावर कोणी प्यायचं थांबत नाही. वास दाखवीन. आणि गाडी तुम्ही ओढायची."

असा माझा जन्मातला सर्वांत मोठा प्रवास घडला. हातगाडीत मी, माझ्यात तो विषारी चोथा, पुढे घाम पुसत ओढणारा एलादियो, आणि बाजूनं तापानं लाल झालेली, जवळजवळ पळणारी फिदेलिना.

आधी स्थानक. नेमेसियोची बस आठलाच सुटली होती. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसानं पुढच्या थांब्यावर फोन लावला, आणि फिदेलिनानं फोन हिसकावून घेतला. "मुतखड्याला सांगा थर्मास ओतून टाक!" पलीकडचा म्हणाला, "कोणाला?" तिला नाव आठवेना. खिडकीतला माणूस ओरडला, "नेमेसियो! नेमेसियोला!"

मग न्हाव्याचं दुकान. पोर्फिरियो खुर्चीत बसून आरामात नळी ओढत होता. फिदेलिनानं हकिगत सांगितली.

"छे! सत्तर वर्षं पाला पितोय. मला काय होतंय?"

"हुंगा."

त्यानं माझ्यात डोकं घातलं, नाक वर काढलं. "जरासा वास आहे खरा. पण गार किती झालंय बघ, अर्धा थर्मास उरलाय. फेकवत नाही गं."

तिनं पुढे काही ऐकलं नाही. त्याच्या हातातून थर्मास घेतला आणि उंबऱ्याबाहेर मातीत उपडा केला.

शाळेत मुलं मधल्या सुट्टीत अंगणात होती. नोएलियाबाई खांबाला टेकून बसली होती, थर्मास शेजारी, पेला मुख्याध्यापिकेच्या हातात.

"किती प्यायलीस?" फिदेलिनानं धापा टाकत विचारलं.

"काय झालं, मावशी?"

"किती ते सांग पोरी!"

"दोन घोट. मळमळत होतं म्हणून बाईंना दिला. का?"

फिदेलिनानं तिच्यापासून काही लपवलं नाही. पाला कुठला, कधी फवारलेला, कोणी आणला, आपण का हुंगला नाही, सगळं तिथेच, मुलांसमोर सांगितलं. नोएलियाचा हात आपोआप पोटावर गेला. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "मी तुमच्याकडे विश्वासानं येते."

"हो," फिदेलिना म्हणाली. "चल. आपण दवाखान्यात जाऊ."

दवाखान्यात नवीन, तरुण डॉक्टरीण होती. पाला विकणाऱ्या बायकांबद्दल तिचं मत चांगलं नव्हतं, हे मला तिच्या भुवयांवरूनच कळलं. पण फिदेलिनानं प्रत्येक जुडी ओळीनं मांडली. हिच्या इतक्या मुठी, हिच्या इतक्या, हिला दोन घोट, न्हाव्याला अर्धा थर्मास, मुख्याध्यापिकेला एक पेला. मग एलादियोला पुढे ढकललं. "सांगा त्यांना, कुठलं शेत आणि फवारणीचे कोणत्या रंगाचे डबे पडले होते." एलादियोनं मान खाली घालून सगळं सांगितलं. डॉक्टरणीनं राजधानीत कुठेतरी फोन लावला, लिहून घेतलं, पुन्हा विचारलं. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाली, "लोक इथे येऊन काय खाल्लं तेसुद्धा खरं सांगत नाहीत. तुम्ही स्वतः होऊन आलात?"

"पाला मी दिला," फिदेलिना म्हणाली. "मग कोण येणार?"

दुपारपर्यंत सतराच्या सतरा थर्मास रिकामे झाले. बाजारातले सगळे ब्लासियानं ओतवले, शिव्या देऊन आणि शिव्या खाऊन. नेमेसियोला निरोप दुसऱ्या थांब्यावर मिळाला. दहा-बारा जणांची पोटं बिघडली. पोर्फिरियो सर्वांत जास्त प्यायला होता. त्याला दोन दिवस सलाईनवर ठेवलं. फिदेलिना दोन्ही दिवस त्याच्या खाटेशी बसली होती. घरी जाताना तो तिला म्हणाला, "विष पाजलंस ते पाजलंस, वर थर्मासही ओतलास."

नोएलियाला काही झालं नाही. पण ते कळायला आठवडे गेले, आणि ते आठवडे फिदेलिना नीट जेवली नाही.

एलादियो म्हणाला होता तसंच झालं. दुसऱ्या दिवशी आंब्याखाली कोणी उभं राहिलं नाही. जवळून जाणारे थर्मास छातीशी धरून जायचे. एका बाईनं जाता जाता ऐकू येईल अशा बेतानं म्हटलं, "तिच्याकडे? नको गं बाई, जगायचंय मला." फिदेलिना तरी रोज सहाला येऊन बसायची, समोर एकही जुडी न ठेवता. नाक उघडेपर्यंत पाल्याला हात लावायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं.

त्या दिवसांत तिनं मला धुतलं. उकळत्या पाण्यानं, राखेनं, लिंबानं, पुन्हा राखेनं. उन्हात उपडी ठेवलं. चुन्याचं पाणी भरून ठेवलं. रोज संध्याकाळी माझ्यात तोंड घालून ती दीर्घ श्वास घ्यायची. मी श्वास रोखून धरायचे. लाकडाला श्वास नसतो म्हणतात, पण त्या क्षणी मी रोखलेला असायचा.

एके दिवशी ब्लासिया बघायला आली. तिनंही हुंगलं.

"मला तर काही येत नाही वास."

"मलाही येत नाही," फिदेलिना म्हणाली. "नाक उघडलंय, तरी येत नाही."

"मग झालं की."

"लाकूड पितं, ब्लासिया. किती प्यायलंय ते मला बघता येत नाही. मला बघता येत नाही ते मी दुसऱ्याच्या पाण्यात कसं घालू?"

"जाळून टाक मग."

फिदेलिनानं माझ्या आत हात घालून फिरवला, जसा तिच्या आईनं पहिल्यांदा फिरवला होता. ब्लासिया दुसरीकडे बघायला लागली.

मला वाईट वाटलं का? वाटलं. तीस वर्षांचं काम असं एका सकाळीत संपलं, तेही माझा दोष नसताना. पण तिनं मला पुसून, चकाकवून परत त्या कोपऱ्यावर ठेवलं असतं, तर मी जास्त दुःखी झाले असते. मग माझ्या प्रत्येक ठक आवाजाला मला भीती वाटली असती.

ब्लासियाच्या चुलतभावाची जमीन देवळामागे ओढ्याच्या वरच्या अंगाला होती. तिथे आजूबाजूला सोया नव्हतं. दोघींनी मिळून ती मागून घेतली, आणि जे रानात आपोआप उगवायचं ते पहिल्यांदा हातानं लावलं. पाणी कोण वाहायचं? एलादियो. कोणी सांगितलं नव्हतं. तो आपणहून दोन बादल्या घेऊन आला, आणि अजून वाहतोय. वहिनीसमोर तो आता कमी बोलतो. पण परवा मी त्याला एका पोराला दटावताना ऐकलं, "बांधावरचं गवत तोंडात घालतोस? मार खाशील!"

आंब्याखाली पहिलं गिऱ्हाईक परत आलं ती नोएलिया. पोट चांगलं वर आलं होतं. हातात तोच थर्मास. नवीन उखळी समोर होती, आणि मी तिच्या मागे, भिंतीला टेकून. मला घरी न्यायला हातगाडी अजून आली नव्हती.

"भीती नाही वाटत?" फिदेलिनानं विचारलं.

"वाटते," नोएलिया म्हणाली. "पण त्या दिवशी तुम्ही गप्प बसू शकला असता. दुसरं कोणी बसलं असतं. म्हणून तुमच्याकडेच येते."

फिदेलिनानं पुदिन्याचं पान तोडलं. पण उखळीत टाकलं नाही. नोएलियाच्या तळहातावर ठेवलं.

"आधी तू हुंग."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मलाही एकदा कळत नव्हतं. हुंग. मग जिभेचं टोक. मग थांब."

नोएलियानं पान नाकाशी धरलं. डोळे मिटले. रस्त्यावरून बस गेली, धूळ उडाली, तरी तिनं डोळे उघडले नाहीत. मग म्हणाली, "थंड आहे. आणि मातीचा वास आहे, ओल्या."

"मग घाव घालू?"

"घाला."

तेव्हापासून तिथे हाच रिवाज पडला. आपलं पान आपण हुंगायचं, मगच ते उखळीत पडायचं. रांग हळू सरकते, नेमेसियो बस सुटायची वेळ झाली म्हणून ओरडतो, पण हुंगतो. आता त्याला भुईआवळी डोळे मिटून ओळखता येते. पलीकडे ब्लासियानंही तेच सुरू केलंय, आणि ती कल्पना मूळची आपलीच, असं ती सगळ्यांना सांगते. फिदेलिना ते खोडून काढत नाही. तीस वर्षं जी गोष्ट एका नाकात होती ती आता निम्म्या गावाच्या नाकात आहे. यापरतं मोठं काम मी उभ्या जन्मात बघितलं नाही.

मी आता फिदेलिनाच्या अंगणात, पाण्याच्या टाकीशेजारी असते. तिनं माझ्या बुडाला गिरमिटानं भोक पाडलं, आत माती भरली आणि सतापाचं रोप लावलं. पहिल्या वर्षी ते पिवळं पडून गेलं. विष होतं की चुना जास्त झाला होता, मला माहीत नाही. दुसऱ्या वर्षीचं रोप जगलं, पण खुरटलं. तिनं माती बदलली, पुन्हा लावलं.

या वर्षीचं रोप दाट झालंय. निळसर पानं, कडू वास, अंगणाच्या फाटकापर्यंत येणारा. परवा सकाळी कामाला निघताना फिदेलिना माझ्यापाशी थांबली. एक डहाळी खुडली, बोटांत चुरडली आणि हुंगली. खूप वेळ. तोंडात घातली नाही. ती घालणार नाही, आणि तिनं घालूही नये. दुसरी डहाळी खुडली आणि आमच्या बायका दृष्ट लागू नये म्हणून खोचतात तशी कानामागे खोचली. मग फाटक ओढून घेतलं आणि चालायला लागली.

एवढंच माझं म्हणणं आहे. तुमच्या वाटेवरही काही ना काही उगवत असेल. घोळ, केना, भुईआवळी. त्याला गवत म्हणून तुडवू नका, आणि औषध म्हणून एकदम तोंडातही घालू नका. आधी कोणा जाणत्या बाईला विचारा, ते कुठे उगवलंय, बाजूला काय फवारलंय, आणि मग स्वतः हुंगा. आणि तुमच्या हातून कधी चूक झाली, तर हातगाडी आणा.

मी इथेच आहे. ऊन वर चढलंय. रस्त्याच्या त्या टोकाला माझी धाकटी बहीण कामाला लागलीय. ठक, ठक, ठक. चार-पाच घाव, जास्त नाही.